तेरा टेकड्या, दुसऱ्याच्या पायांनी

पौर्णिमा जवळ आली की पुण्यातल्या फोनांवर एक पोस्टर फिरू लागतं : ‘कात्रज ते सिंहगड, नाइट ट्रेक’. जुन्या कात्रज बोगद्यापाशी डोंगरधारेवर चढायचं आणि रात्रभर एकामागून एक टेकड्या ओलांडत पहाटे सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. जाणकार याला ‘के टू एस’ म्हणतात. तुम्हीही आजपासून तसंच म्हणा, निम्मा ट्रेक तिथेच झाला. उरलेल्या निम्म्यासाठी पुढील सूचना.

१. पैसे भरूनच जा. उजवीकडे पुण्याचे दिवे, डावीकडे सातारा रस्त्याचे, समोर सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरचा लाल दिवा. इतक्या खुणा असूनही लोक चुकतात. चुकायचंच असेल, तर चाळीस जणांनी मिळून लीडरच्या मागून चुकावं. मन शांत राहतं.

२. ‘काही बरंवाईट झाल्यास मी स्वतः जबाबदार’ असा फॉर्म येईल. वाचू नका, सही करा. वाचणारे घरीच राहतात.

३. धारेवर प्यायला पाणी मिळत नाही. म्हणून अनुभवी मंडळी तीन-चार लिटर पाठीवर वाहून आणतात. तुम्ही एक लिटर आणा. उरलेलं त्यांच्याकडे आहेच. वाचलेल्या जागेत ब्लूटूथ स्पीकर बसतो. बूट मात्र नवे कोरे हवेत, शक्यतो त्याच संध्याकाळी घेतलेले. फोड यायला रात्र पुरते.

४. निघण्याआधी गोल करून ओळख परेड होते. नाव, नोकरी, आधीचे ट्रेक. ‘कळसूबाई’ एवढंच म्हणा आणि नजर दूर लावा. पायथ्यापर्यंतच गेला होता, हे कुणी विचारत नाही.

५. पुढे ‘लीड’ असतो, मागे ‘बॅकलीड’. बॅकलीडला सगळ्यात शेवटच्या माणसाच्या पुढे जायची मुभा नसते. तेव्हा सगळ्यात शेवटचे व्हा. आयुष्यात प्रथमच कुणीतरी तुमच्या प्रत्येक पावलाची चौकशी करेल, सॅक उचलेल, इलेक्ट्रॉल पाजेल. तोटा एकच : पुढचे लोक माथ्यावर आरामात बसून तुमची वाट पाहतात आणि तुम्ही पोचलात की ‘चला!’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही, ही या खेळाची जुनी रीत. उपाय सोपा आहे. पोचताक्षणी धापा टाकत ‘ग्रुप फोटो?’ एवढंच म्हणा. सगळे पुन्हा खाली बसतील.

६. चांदणं पाहायला आला आहात, म्हणून सगळ्यात प्रखर हेडलॅम्प लावा आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा.

७. आता टेकड्यांचा हिशेब. हा विषय नाजूक आहे. कुणी तेरा म्हणतं, कुणी सोळा. मधल्या उंचवट्याला टेकडी म्हणायचं की टेंगूळ, यावर जुनी मैत्री तुटू शकते. खरी अडचण संख्येची नाहीच. एवढा जीव काढून मिळवलेली उंची पुढच्या खिंडीत पुरती परत करावी लागते आणि मग तीच नव्याने कमवावी लागते. अशा वेळी ‘अजून किती?’ असं लीडरला विचाराल, तर तो ‘दोनच’ म्हणेल. तो पाचव्या टेकडीवरही ‘दोनच’ म्हणतो आणि नवव्यावरही. रागावू नका, त्यालाही घरी जायचं असतं. टॉवरच्या लाल दिव्याकडे तर बघूच नका. रात्री दहाला तो जेवढा लांब असतो, तेवढाच तीनलाही असतो. तुम्ही चढताना तेरा मोजा, सोमवारी ऑफिसात सोळा सांगा.

८. उतार मुरमाचा, पाय टेकला की सरकणारा. बसा. माथ्यापासून खिंडीपर्यंत बसूनच या. ट्रॅकपँट फाटेल, पण ती तशीही जुनी होती, असं पुढच्या माणसाला मोठ्याने सांगा. त्याने आधाराला हात दिला की दोन्ही हातांनी धरा. घसरायचं तर सोबत हवी.

९. पहाटेच्या सुमाराला, सगळे मेलेले असताना, लीडर तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट काढतो. फेब्रुवारी १६७०, काळोखी रात्र, उभा कडा, ना हेडलॅम्प, ना बॅकलीड. वर पोचल्यावर त्यांना उदेभानाशी लढायचं होतं. तुम्हाला फक्त जीपवाल्याशी भाड्यावरून लढायचं आहे. मान हलवा, डोळे मिटा, पाच मिनिटं झोपा. याला भावुक होणं समजलं जातं.

१०. घाटाचं डांबर पायाखाली आलं की ट्रेक संपला. प्रमाणपत्र घ्या. सिंहगड अजून वर आहे, हे बारीक अक्षरातलं कलम आहे. मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी वर गडावरच मिळतात, त्यामुळे एवढ्या टेकड्या पायी तुडवल्यावर शेवटचा चढ जीपने चढायचा असतो. वर गेल्यावर एक धोका संभवतो. आतकरवाडीच्या वाटेने दर रविवारी गड चढणारे सत्तरीचे आजोबा तिथे ताक पीत बसलेले असतात. ना लीडर, ना प्रमाणपत्र. पायात साध्या चपला. ते आपुलकीने विचारतील, ‘काय रे, लंगडतोस का?’

पुढची भजी मागवा.