सरकारी ग्रंथ कसा मिळवावा, कसा उचलावा व कसा वाचावा (नवशिक्यांसाठी)

आधी पात्रता तपासून घ्या. सरकारने छापलेले पुस्तक वाचायला शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, जातीच्या दाखल्याचीही नाही. मोकळा वेळ हवा आणि मनगटात जोर हवा. पुस्तक संध्याकाळपर्यंत घरपोच यावे, मुखपृष्ठ बघत राहावेसे असावे, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी इथेच थांबावे. बाकीच्यांनी सुट्टे पैसे आणि मजबूत पिशवी घेऊन पुढे यावे.

पायरी पहिली : कोणते सरकार, ते ठरवा

सरकार हा एकच प्रकाशक आहे, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात ते एकत्र कुटुंब आहे आणि चुली वेगवेगळ्या आहेत. दिल्लीचा प्रकाशन विभाग वेगळा. १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट वेगळा. अजिंठा-वेरूळच्या पुस्तिका काढणारे पुरातत्त्व खाते आणखी वेगळे. राज्यात या, तर साहित्य आणि संस्कृती मंडळ, वाईचे विश्वकोश मंडळ, कोशावर कोश काढणारे भाषा संचालनालय आणि जिल्ह्यांचे गॅझेटिअर करणारा दर्शनिका विभाग. एकाचे पुस्तक दुसऱ्याकडे मागितलेत, तर ते तिसऱ्याकडे मिळेल असे सांगण्यात येईल. खिडकीवर नुसते ‘गॅझेट’ म्हणू नका. तुमच्या हातात राजपत्र ठेवतील, आणि ते मात्र ताबडतोब ठेवतील.

विश्वकोशापासून सुरुवात करण्याचा मोह होईल. जरूर करा, पण काळाची कल्पना असू द्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला १९७६ साली आणि विसावा आला २०१५ साली. पहिला खंड कॉलेजात असताना घेतलेला माणूस शेवटचा घ्यायला निवृत्तिवेतनातून पैसे काढून गेला. तरीही असा संच एका पिढीत उभा राहिला याचे मला कौतुकच वाटते. सरकारी कामात शेवटचा खंड निघणे ही गोष्ट गृहीत धरायची नसते.

पायरी दुसरी : दुकान शोधा

या दुकानाला शासकीय ग्रंथागार म्हणतात. मुंबईत ते चर्नी रोडला, मुद्रण संचालनालयापाशी. पुण्यात फोटोझिंको छापखान्याच्या आवारात. पाटी दिसली नाही तर झेरॉक्सवाल्याला विचारा, त्याला नक्की ठाऊक असते. आत शिरल्यावर तुमच्या पुढे एक वकील असेल, त्याला कुठलासा अधिनियम सुधारणांसह हवा असेल. त्याच्या पुढे एक ग्रामसेवक, नागरी सेवा नियमांच्या शोधात. तुम्हाला पुस्तक वाचायला हवे आहे, हे त्या रांगेत मोठ्याने सांगू नका.

नाव, खंड आणि भाग एका चिठ्ठीवर लिहून द्या. ‘पुण्याचा गॅझेटिअर’ एवढे पुरत नाही. ब्रिटिशांच्या काळातला मुंबई इलाख्याचा गॅझेटिअर २७ खंडांचा. त्यातला पुण्याचा अठरावा, पण त्याचे भाग तीन. अठरावा खंड द्या म्हणालात, तर तिसरा हिस्सा घेऊन घरी याल. त्यात १९५४ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने पुण्याचा नवा खंड काढला, तो निराळा. क्रमांकावर फार विसंबू नका हे ओघाने आलेच: या मालेतला दुसरा खंड, सुरत आणि भडोचचा, छापला १८७७ साली, आणि पहिला खंड बाहेर पडला १८९६ साली. या दोन सालांमागची कार्यपद्धती ज्याला कळली, त्याला पुढचे काही शिकवावे लागत नाही.

किंमत बघून दचकू नका. छापताना जी ठरली तीच, आणि छापून किती वर्षे झाली हे कोणी मोजलेले नसते. हजार पानांचा ग्रंथ दोन वडापावांच्या भावात पदरात पडू शकतो. शिल्लक असला तर.

पायरी तिसरी

सध्या उपलब्ध नाही. पुनर्मुद्रणाचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

पायरी चौथी : पुढची पाने ओलांडा

पुस्तक मिळाले. आता ते टेबलावर ठेवा. छातीवर ठेवून वाचायचा हा प्रकार नव्हे. उघडल्यावर आधी मंत्रिमहोदयांचे दोन शब्द लागतील (ते दोन नसतात), मग सचिवांचे निवेदन, मग संचालकांचे मनोगत. ज्यांच्या कारकिर्दीत काम सुरू झाले आणि ज्यांच्या कारकिर्दीत छापून आले ते बहुधा वेगळे असतात, त्यामुळे आभार दोनदा. हे सगळे सोडून द्या. मात्र संपादक मंडळाची नावे आणि ‘सर्वेक्षणास साहाय्य’ अशा बारीक टायपातली यादी जरूर वाचा. खरे पुस्तक त्या लोकांनी लिहिलेले असते.

मागच्या बाजूला शुद्धिपत्र चिकटवलेले असेल, तर पेन्सिल घेऊन दुरुस्त्या मूळ पानांवर उतरवून ठेवा. शुद्धिपत्र पहिल्या पावसाळ्यात निसटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पायरी पाचवी : आता गॅझेटिअर

इथे जरा बैठक मारा. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तरी चालतील.

ब्रिटिशांच्या काळातल्या मालेचे काम जेम्स कॅम्बेल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने तडीस नेले. प्रत्येक जिल्ह्याला तोच साचा: वर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, हुन्नर, इतिहास, जमीन-महसूल, न्याय, वित्त, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि शेवटी स्थळे. नवशिक्या इतिहासावर उडी मारतो. मारू नका. इतिहास तुम्हाला इतरत्र, अधिक चांगला मिळेल. तुम्ही हुन्नराचे प्रकरण उघडा.

पुण्याच्या १८८५ च्या खंडात तांब्या-पितळेची भांडी, रेशीम विणणे, कलाबतू, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, मातीच्या बाहुल्या, लोखंडी कढया, नवार, बुरणूस आणि हातकागद, असे एकेक धंदे घेतले आहेत. तारीफ कुठेच नाही. कच्चा माल कोठून येतो, हत्यारे कोणती, बायका-मुले कोणते काम करतात, दिवसाला सुटते किती, कोणत्या महिन्यात मागणी असते, एवढेच. तांबट आळीतून रोज जाणाऱ्या माणसाने हे प्रकरण वाचून पुन्हा एकदा तिथून जावे. ज्या अधिकाऱ्यांना हा तपशील गोळा करायला सांगितला, त्यांनी साहेबाच्या नावाने किती बोटे मोडली असतील, ते कुठल्याही खंडात नाही.

मग शेवटचे प्रकरण, स्थळे. रायगड हवा असेल तर कुलाब्याचा खंड, कान्हेरी आणि घारापुरी हवी असेल तर ठाण्याचा. नाशिकच्या खंडात पांडव लेण्यांवर जो मजकूर आहे, तो पंडित भगवानलाल इंद्रजींचा: एकेका लेण्यातला शिलालेख वाचून लावलेला. साहेबांच्या पोथीत या माणसाचे काम जागोजागी मुरलेले आहे. पहिल्या खंडातला दख्खनचा प्राचीन इतिहास तर रा. गो. भांडारकरांचा. गॅझेटिअर म्हणजे निव्वळ इंग्रजांनी लिहिलेले असे म्हणणाऱ्याच्या हातात हे दोन खंड द्यावेत. हात लगेच खाली येतो.

लोकांचे प्रकरण मात्र चिमट्याने धरा. प्रत्येक जातीला तिथे वर्तणुकीचा दाखला दिला आहे: अमके कष्टाळू आणि काटकसरी, तमके आळशी आणि दारूचे शौकीन. ज्या सरकारने १८७१ साली कायदा करून माणसांच्या अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच सरकारच्या दप्तरातले हे दाखले. तो कायदा जायला १९५२ साल उजाडले, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. तेव्हा आपल्या जातीचे वर्णन काढून भावकीच्या ग्रुपवर टाकण्याआधी शेजारच्या जातीचेही वाचा.

आणि ही पुस्तके मेली आहेत असे समजू नका. २०२५ साली आझाद मैदानावरच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनापाठोपाठ २ सप्टेंबरला शासन निर्णय निघाला, तो हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेऊन. निजामाच्या मुलखातल्या जुन्या नोंदींवर गावागावांत चर्चा झडली. दर्शनिका विभागाला अशी जाहिरात कोणत्याही अंदाजपत्रकात परवडली नसती.

स्वातंत्र्यानंतरचे खंड वाचायला कोरडे आहेत, हे मान्य करायला हवे. सहकारी पतपेढ्यांचे तक्ते, रस्त्यांची लांबी, दवाखान्यांतल्या खाटा. पण १९६० च्या आसपास तुमच्या तालुक्यात माध्यमिक शाळा किती होत्या, हे आजोबांच्या आठवणींवर न सोडता तिथे बघता येते. आणि कोरडेपणाला अपवाद आहे. गॅझेटिअर मालेतच १९६८ साली इरावती कर्व्यांचे महाराष्ट्राची भूमी आणि माणसे यांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. ‘युगान्त’वाल्या इरावतीबाईंकडून सरकारने पुस्तक लिहून घेतले, हे सांगितल्यावर लोक आधी माझ्याकडे संशयाने बघतात आणि मग प्रत मागतात. प्रतीसाठी पायरी तिसरी पाहा.

हे सगळे संगणकावर फुकट आहे, असे कोणीतरी म्हणेलच. आहे, आणि वापरावे. राज्य सरकारनेही जुने खंड आंतरजालावर घातले आहेत. फक्त स्कॅन करणाऱ्याने घडीचा नकाशा बहुधा घडीसकट स्कॅन केलेला असतो, त्यामुळे अर्धा जिल्हा पाठीमागून दिसतो. नकाशासाठी ग्रंथालयातच जावे लागते.

पायरी सहावी : जे विकले जाते ते

सरकारी पुस्तकाला गिऱ्हाईक नाही, असे कारण तुम्हाला ऐकवले जाईल. ऐकवणाऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर घेऊन जा. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे राज्याच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केली, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. जाड, इंग्रजी, साध्या बांधणीचे ते खंड घ्यायला लोक रांग लावतात. मजुरीवर जगणारी माणसे एस. टी.ने येऊन पाच-पाच किलोंची बोचकी बांधून नेतात. त्यांना तोटा असतो तो प्रतींचा. छपाई रखडली, तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. लोक पैसे घेऊन उभे आहेत आणि दुकानदाराकडे माल नाही, असा धंदा सरकारशिवाय कोणाला झेपला नसता.

म्हणून शेवटची सूचना गंभीरपणे घ्या. पुस्तक नाही म्हणाले, तर हात हलवत परत येऊ नका. साध्या कागदावर अर्ज करा: पुस्तकाचे नाव, खंड, भाग, किती प्रती हव्यात. दोन प्रती लिहा, एक आपल्याला आणि एक गावच्या वाचनालयाला. आवक-जावक टेबलावर शिक्का मारून पोच घ्या आणि ती जपून ठेवा. पुनर्मुद्रणाची फाइल कधी वर गेलीच, तर ‘मागणी नाही’ असा शेरा त्यावर कोणाला मारता येऊ नये, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.