हातगुण

संगणकाच्या पडद्यावर मोबाइल फोनची हुबेहूब नक्कल चालवून दाखवणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात, आणि तो उघडेनासा झाला की ज्यांना हाक जाते त्या गृहस्थांना पुण्यातल्या अभियांत्रिकी वसतिगृहांपासून हिंजवडीच्या कचेऱ्यांपर्यंत ‘दादा’ असे संबोधले जाते. हे पद नेमणुकीने मिळत नाही; कधीकाळी कुणाचा तरी अडून बसलेला एम्युलेटर दादांनी हात लावताच चालू झालेला असतो, आणि तेवढ्या एका पुण्याईवर, खेड्यातल्या कावीळ उतरवणाऱ्याप्रमाणे, त्यांचा हातगुण मजलाभर सर्वमान्य होतो.

दादा उभ्यानेच तपासणी करतात. एका हातात चहाचा कप असतो, दुसऱ्या हाताने माउस ताब्यात घेतला जातो आणि ज्याचा संगणक असतो तो आपोआप नातेवाइकाच्या भूमिकेत जाऊन बाजूला उभा राहतो. बिघाड नेमका कशाने झाला हे सांगणारी चौकट पडद्यावर उमटते. परंतु ती वाचण्यापूर्वी मिटवणे, म्हणजेच रुग्ण बोलू लागताच त्याचे तोंड धरणे, हे या चिकित्सापद्धतीचे पहिले सूत्र होय.

पहिला संशय नेहमी व्हर्च्युअलायझेशनवर जातो. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वेगाने चालावा यासाठी प्रोसेसरमध्येच केलेली ही सोय इंटेलने 2005 मध्ये व्हीटी-एक्स या नावाने आणली, आणि एएमडीच्या यंत्रांत तिचे बटण एसव्हीएम या नावाखाली दडलेले असते. ती चालू आहे की बंद, हे टास्क मॅनेजरमध्ये एका ओळीत लिहिलेले दिसते; तथापि लिहिलेले वाचणे दादांच्या शास्त्रात बसत नसल्याने ते संगणक बंद करून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज जागे होण्याआधीच्या निळ्या-काळ्या गाभाऱ्यात, प्रवेश करतात.

तेथून परतल्यावर खरी औषधयोजना सुरू होते. विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन व्यवस्था असलेले हायपर-व्ही बंद केले जाते. इंटेलने जानेवारी 2023 मध्ये ज्याचा विकास थांबवला ते हॅक्सम हे जुने प्रवेगक दादांच्या पेनड्राइव्हमधून चढवले जाते. मागची स्थिती टाकून एम्युलेटर नव्याने उठवणारा कोल्ड बूट होतो. पाठोपाठ वाइप डेटा होऊन त्या आभासी फोनमधली महिन्याभराची चाचणीची माहिती पुसली जाते. आणि शेवटी ‘तुलनेसाठी’ आणखी दोन एम्युलेटर उतरवून घेतले जातात.

हे सारे एका दमात केल्यामुळे, एम्युलेटर चालू झालाच तर कोणत्या मात्रेने गुण आला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि हे अज्ञानच दादांच्या कीर्तीचे खरे भांडवल ठरते. नेमके कारण कळले असते तर पुढच्या वेळी दादांची गरजच उरली नसती. चालू न झाल्यास मात्र ‘मशीनच जुनं झालंय’ असे निदान होते, ज्यात दोष यंत्राकडे जातो आणि हातगुण शाबूत राहतो.

अशा वेळी कचेरीत नव्याने रुजू झालेली एखादी मुलगी, अद्याप दीक्षा न मिळाल्यामुळे, ती चौकट चक्क वाचते. डिस्कवर पुरेशी जागा नाही, एवढेच तिथे लिहिलेले असते. गेल्या खेपेच्या उपचारांतले ‘तुलनेचे’ दोन एम्युलेटर कित्येक जीबी अडवून बसलेले असतात. ती ते काढून टाकते आणि आभासी फोन निमूटपणे उजळतो. पलीकडून जाणारे दादा क्षणभर थांबून पडद्याकडे समाधानाने पाहतात आणि म्हणतात, “काल बायोसमध्ये केलं होतं ना, त्याचा गुण यायला थोडा वेळ लागतो.” उपस्थित माना डोलावतात, आणि लगेच शेजारच्या टेबलावरून हाक येते, “दादा, जरा इकडेही हात लावता का?”