ओट्यावरचा पंच

ओट्यावरचा पंच म्हणजे सामना पाहण्याऐवजी तो चालवणारा प्रेक्षक. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूर भागात डोंगरांच्या पायथ्याला ठाकर समाजाच्या वाड्या आहेत, त्यांतल्या कित्येकींचे नाव नुसते ठाकुरवाडी. तिथे हा हमखास आढळतो. शहरातही असले प्रेक्षक असतात, पण तिथे दार लावून घेता येते. वाडीत दार उघडे असते आणि माणसे आत, उंबऱ्यावर, ओट्यावर, अंगणात अशी मावतील तिथे बसतात. पंचाची जागा ओट्याच्या कडेला, खांबाला टेकून. तिथून पडदा दिसतो, आतबाहेर करणारा दिसतो आणि कोरा चहा बाहेर आला तर पहिला हात त्याचाच पोचतो.

वय तिशीच्या पुढे कितीही. कधीकाळी टेनिस बॉलच्या स्पर्धेत त्याने एक झेल घेतलेला असतो. तो किती उंचावरून घेतला, हे दर वर्षी नव्याने ठरते.

भारताचे एकदिवसीय आणि ट्वेन्टी-20 सामने वाडीत बहुधा दूरदर्शनच्या फ्री डिशवर दिसतात. छत्री एकदा विकत घेतली की महिन्याचे पैसे नाहीत. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावे, असा 2007 चा कायदा आहे. त्याची ही कृपा. पंचाला कायद्याशी कर्तव्य नसते, छत्री मात्र फक्त आपल्यालाच कळते अशी त्याची खात्री असते. पावसाची मोठी सर आली की चित्राचे तुकडे पडतात आणि सर ओसरली की ते आपोआप जुळतात. पंचाला तेवढा दम निघत नाही. तो एका पोराला भर पावसात पत्र्यावर चढवतो. वरून पोर विचारते, “आला का?” खालून सगळे ओरडतात, “नाय!” “आता?” “मगाशी थोडा होता, तो पण घालवलास!” मग सर थांबते, चित्र येते आणि पंच ओट्यावरून म्हणतो, “सांगत होतो ना, थोडी डावीकडे.”

घर ज्याचे त्याच्या हाती रिमोट, ही या बैठकीची पहिली रीत. पंच रिमोटला हात लावत नाही. तो घरमालकाकडून आवाज वाढवून घेतो, जाहिरात लागली की कमी करून घेतो आणि मालिका बुडालेल्या घरच्या बाईला षटक म्हणजे काय ते समजावतो. तिला ते लग्नाआधीपासून ठाऊक असते.

उठणाऱ्याला जबाबदार धरणे हा त्याचा खास अधिकार. कोणी लघवीला बाहेर गेला आणि चौकार बसला, तर त्याने षटक संपेपर्यंत अंधारात डासांच्या सोबतीने उभे राहायचे. बाई भाकरी उलटायला उठली आणि समोरच्यांची विकेट पडली, तर तिने दर षटकाला उठावे असा हुकूम निघतो, भाकऱ्या संपल्या असल्या तरी.

पण त्याचे खरे कर्तृत्व भाकितात. ओट्यावर जागा न मिळालेली पोरे अंगणाच्या टोकाला मोबाईलवर सामना लावतात. मोबाईलवरचे प्रक्षेपण छत्रीवरच्यापेक्षा काही सेकंद मागे चालते. पंच नेमका दोघांच्या मध्ये बसतो, घरातला ओरडा एका कानाने टिपतो आणि पोरांकडे वळून गंभीरपणे म्हणतो, “आता हा जाणार.” मोबाईलवर गोलंदाज अजून धावत येत असतो. पोरे एकदा चकित होतात, दुसऱ्यांदा शिव्या घालतात. खरे तर छत्रीवाल्यांनी पुढचे फोडू नये, हा साधा शिष्टाचार आहे. पंचाच्या मते ती विद्या आहे.

छत्रीपुढे बसल्यावर मात्र ही विद्या साथ देत नाही. 29 जून 2024 च्या रात्री, ट्वेन्टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात 16 धावा हव्या होत्या. त्यांच्या मिलरने पहिलाच चेंडू उचलला तेव्हा असल्या पंचांनी जागोजागी षटकार देऊन टाकला होता. भारताच्या सूर्यकुमारने सीमेवर चेंडू आत उडवून, बाहेर जाऊन, परत येऊन तो झेलला. भारत 7 धावांनी जिंकला. पंचाने आपला निर्णय मागे घेतल्याचे ऐकिवात नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो “झेल घे” असेच ओरडला होता.

सामना संपतो तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते आणि सकाळी भातलावणीला नाहीतर मजुरीला जायचे असते. समजूतदार पाहुण्यांनी येतानाच साखरेची नाहीतर शेंगदाण्याची पुडी आणलेली असते. जाताना ते चटया गुंडाळतात, ओटा झाडतात. पंच त्या वेळी कप्तानाचे कुठे चुकले ते सांगत असतो, आणि झाडणाऱ्याला त्याच्या पायांभोवतून झाडावे लागते.

हाच माणूस कबड्डीच्या सामन्याला ओळखू येत नाही. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. प्रो कबड्डी 2014 साली टीव्हीवर आली, पण वाडीत गुडघे त्याच्या कितीतरी आधीपासून सोलवटले आहेत. चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडली की नाही, हे ओट्यावरच्या निम्म्या लोकांना रिप्लेआधी कळते. पंचाने एकदा “बोनस!” म्हणून हात वर केला, तर आश्रमशाळेच्या संघात कोपरा सांभाळणारी मुलगी मागे न वळताच म्हणते, “काका, समोर पाचच हायेत. बोनसला सहा लागतात.” नियम तसाच आहे. त्यानंतर पंच हात खाली घेतो, मागे सरकून लहान पोरांना पुढे जागा देतो, आणि चढाईच्या तीस सेकंदांत त्याच्या तोंडून शब्द निघत नाही.

म्हणजे गप्प बसणे त्याला जमते. क्रिकेटच्या वेळी घरमालकाने एकदा सांगून पाहायला हरकत नाही.