मॅक्रोबुवा

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत, कुठल्याही मजल्यावर, एक तरी मॅक्रोबुवा सापडतोच. ज्याच्या टेबलावरच्या माउसवर धुळीचा थर आहे, ज्याच्या कीबोर्डावरची अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत आणि जो स्वतःच्या खुर्चीत कमी नि दुसऱ्याच्या खुर्चीमागे जास्त दिसतो, तो. त्याचं ठरलेलं वाक्य एकच : "थांब, थांब. हे हाताने का करतोयस?"

एकच काम दोनदा करायचं नाही, असं बुवांचं व्रत असतं. लोक याला आळस म्हणतात, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे. आळशी माणूस काम करतच नाही, विषय मिटतो. बुवा वीस मिनिटांचं काम टाळण्यासाठी शनिवार-रविवार जागतात.

बिचाऱ्यांचा जन्म जावात गेला. या भाषेत 'ग्राहक' एवढी साधी गोष्ट सांगायची तरी एक क्लास लिहावा लागतो. वरती पॅकेज, मग इम्पोर्ट, मग फील्ड, मग कन्स्ट्रक्टर, मग प्रत्येक फील्डचा एक गेटर आणि एक सेटर, शेवटी इक्वल्स, हॅशकोड नि टूस्ट्रिंग. लग्नपत्रिकेसारखंच आहे हे : 'श्रीकृपेकरून'पासून 'आपले विनीत'पर्यंत मजकूर ठरलेला, फक्त चिरंजीव आणि चि. सौ. कां. बदलायचे. चाळीस फील्ड असतील तर नुसते गेटर-सेटरच अडीचशे ओळींच्या घरात जातात, आणि त्यात डोकं लागतं ते शून्य.

परवा एक नवी मुलगी असाच क्लास टंकत बसली होती. चाळीस फील्ड. बुवा मागे येऊन उभे राहिले.

"बुवा, आत्ताच सुरुवात केलीय. होईल जेवणापर्यंत."

"ऊठ."

बुवांनी विम हा एडिटर उघडला, 'क्यू' दाबलं, मग 'ए'. पडद्याच्या तळाशी 'रेकॉर्डिंग' अशी अक्षरं उमटली आणि बुवांचा चेहरा बदलला. दोन शब्द पुढे, नाव उचललं, खूण करून ठेवली, फाइलच्या तळाशी उडी, गेटर, पहिलं अक्षर मोठं, सेटर, परत खुणेवर. "आता बघ," ते म्हणाले, "नवशिका इथे चुकतो. एक ओळ खाली आणि ओळीच्या सुरुवातीला जाऊन मगच रेकॉर्डिंग बंद करायचं. नाहीतर एकाच फील्डचे चाळीस गेटर निघतात." पुन्हा 'क्यू', मॅक्रो तयार. मग एकोणचाळीस, ॲट, ए. पडदा थरथरला आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं तयार. मुलगी "आई गं!" म्हणाली. बुवांचा पगार तोच असतो.

कंपाइल केल्यावर एक चूक निघाली. सतराव्या ओळीत कुणीतरी 'प्रायव्हेट' आणि 'स्ट्रिंग' यांच्या मध्ये 'फायनल' घालून ठेवलं होतं. मॅक्रो शब्द वाचत नाही, मोजतो. तिसरा शब्द म्हणजे नाव, असं त्याला शिकवलेलं, आणि तिसरा शब्द निघाला 'स्ट्रिंग'. 'गेट-स्ट्रिंग' नावाचं, 'फायनल' जातीचं एक अनाथ लेकरू फाइलच्या मध्यभागी उभं होतं. ते हाताने दुरुस्त करायला दहा सेकंद लागली असती. बुवांनी मॅक्रो सुधारायला घेतला आणि त्यांचं जेवण हुकलं.

आता कुणी म्हणेल, आधुनिक एडिटरात ऑल्ट-इन्सर्ट दाबलं की गेटर-सेटर आपोआप येतात की. हे बुवांसमोर म्हणू नये. लॉम्बॉकचं तर नावच काढू नये. जावा बेटाच्या पूर्वेला त्या नावाचं बेट आहे, आणि त्याच नावाच्या लायब्ररीत क्लासच्या डोक्यावर 'ॲट डेटा' एवढं लिहिलं की सगळं पडद्याआड तयार होतं. "दिसत नाही त्या कोडवर मी सही करत नाही," हे बुवांचं त्यावरचं मत. एआयबद्दल विचाराल तर म्हणतात, "तो अंदाज करतो. मॅक्रो अंदाज करत नाही, सांगितलं तसंच चुकतो." मला हे वाक्य पटतं, पण त्यांना तसं सांगण्याची सोय नाही. सांगितलं की ते खुर्ची ओढून बसतात आणि एमॅक्स हे नावच मुळी 'एडिटिंग मॅक्रोज'वरून कसं आलं, 1976 साली एमआयटीत टेको नावाच्या एडिटरवरच्या मॅक्रोंचा ढीग कसा एकत्र बांधला, इथून सुरुवात करतात. विम 1991 चा. चहा त्याच्या आधीच गार झालेला असतो.

सगळं यांत्रिक करून झाल्यावर बुवांच्या स्क्रिप्टला एकच प्रश्न विचारायचा उरतो : क्लासचं नाव? बाकी दोनशे ओळी ती निमिषात ओकते, पण हे एक बुवांनी सांगावं लागतं, आणि तिथे बुवा अडतात. ऑर्डरमॅनेजर? ऑर्डरहेल्पर? ऑर्डरयूटिल? कर्सर लुकलुकतो. बुवा खाली जातात, कटिंग मारून येतात. कर्सर लुकलुकतच असतो.

घरीही सुटका नाही. सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या ते एक्सेलच्या मॅक्रोने काढतात. 'अक्षरी रुपये' मराठीत हवेत, असा सेक्रेटरी काकांचा आग्रह. बुवा म्हणाले, त्यात काय, नियम शोधू. मग पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर ही माळ त्यांनी कागदावर मांडली आणि रात्रभर तिच्याकडे पाहत बसले. पासष्ट कुठून आला? नियम सापडेना. शेवटी एक ते नव्व्याण्णव सगळे शब्द हाताने टंकावे लागले. वहिनी सांगतात, त्या आठवड्यात ते नीट जेवलेही नाहीत.

मध्यंतरी एका पोराने टीमपुढे सादरीकरण केलं. 2021 मध्ये आलेल्या जावा 16 पासून 'रेकॉर्ड' पक्के झालेत. डेटा नुसता वाहून न्यायचा असेल तर क्लासचं काम एका ओळीत भागतं. कन्स्ट्रक्टर, वाचायच्या मेथड्स, इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग, सगळं आत, सेटर नाहीतच. पोराने ती एक ओळ पडद्यावर दाखवली. सगळे बुवांकडे बघायला लागले. बुवांनी चष्मा पुसला.

"क्लायंटकडे कुठली आवृत्ती आहे?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"आठ."

"2014 ची?"

"हो."

"बदलायचा काही विचार?"

"सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी लेखी कळवलंय."

त्या संध्याकाळी बुवांनी अख्ख्या टीमला खाली वडापावच्या गाडीवर नेलं, आणि पैसेही स्वतः दिले.