गेंड्याचा ताप

आमच्या लालबागच्या चाळीत मूल 'आई' म्हणायला शिकायच्या आधी 'हात लावू नकोस' ऐकायला शिकतं. दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह, देव, इस्त्री आणि आजीची तंबाखूची डबी सगळं हाताच्या अंतरावर. कायदा कडक ठेवावाच लागतो.

माझी भाची गिरगावची, पण कॉलेज परळला म्हणून मुक्काम आमच्याकडे. गिरगावाहून परळ काही फार लांब नाही. खरं कारण म्हणजे आमच्या आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं. कॉलेज म्हणजे 1886 साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यास. एवढं शिकून नातेवाइकांत ओळख काय, तर 'गुरांची डॉक्टर'. लालबागेत गुरं कुठली, असा प्रश्न एका काकांनी विचारला होता. त्यांना घरातून उत्तर मिळालं, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

तिसऱ्या वर्षाला असताना तिने एके रात्री मोबाइल माझ्यासमोर धरला. दक्षिण आफ्रिका, दोन आठवडे, जंगली प्राण्यांची 'प्रत्यक्ष हाताळणी'. विमानासकट खर्च साडेतीन लाख. म्हणजे ज्या पोरीला आम्ही वीस वर्षं फुकटात 'हात लावू नकोस' शिकवलं, तिला हात लावायला शिकवायचे साडेतीन लाख.

"पण तिथे जाऊन नेमकं करणार काय?" मी विचारलं.

"गेंड्याचं तापमान बघायचं."

"ते कुठून बघतात?"

तिने सांगितलं. मामीने ताट बाजूला सारलं.

कोपऱ्यातून आई म्हणाली, "गेंड्याक ताप इलो तर तुका काय करूचा आसा?" सत्तर वर्षं मुंबईत काढूनही तिची मालवणी सुटलेली नाही, आणि पैशाच्या विषयात तर ती मालवणीच बोलते. मीही एक टोला मारून घेतला. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली थेट सोलहून भायखळ्याला आले. तिकडचे प्राणी इकडे येतायत आणि आमची पोर इकडून तिकडे निघालीय! कोणी हसलं नाही.

पैसे कसे उभे राहिले तो इतिहास लांबलचक आहे. त्यात एक भिशी, मामीच्या दोन बांगड्या आणि गिरगावच्या आजोबांची एक मुदत ठेव येते. बांगड्या अजून सुटायच्या आहेत, म्हणून इथेच थांबतो.

पैसे भरायच्या आदल्या दिवशी मात्र गंमत झाली. जाहिरातीत एक फोटो होता: मुलगी मांडी घालून बसलीय, मांडीवर सिंहाचं पिल्लू, तोंडात दुधाची बाटली. मामी तर तो फोटो बघूनच विरघळली होती. भाचीने त्या लोकांना साधा प्रश्न लिहून पाठवला: ही पिल्लं मोठी झाली की जातात कुठे? उत्तरात एक हसरा चेहरा आला आणि फीमध्ये दहा टक्के सूट आली.

सूट म्हटल्यावर मी खूश. ती मात्र गप्प झाली. मग तिने मला 'ब्लड लायन्स' नावाच्या 2015 सालच्या माहितीपटाबद्दल सांगितलं. तिथल्या काही फार्मवर पिल्लं आईपासून लवकर तोडतात, म्हणजे ती पुन्हा लवकर गाभण राहते. हौशी पोरं पैसे मोजून त्या पिल्लांना बाटली पाजतात. माणसाला सरावलेला तो सिंह मोठा झाला की कुंपणाच्या आत श्रीमंत शिकाऱ्यापुढे उभा करतात. बाटली पाजणाऱ्याकडूनही पैसे आणि गोळी घालणाऱ्याकडूनही. लालबागच्या मसाल्याच्या व्यापाऱ्यालाही इतकं जमलेलं नाही.

"आणि आपल्याकडे?" मामीने विचारलं.

आपल्याकडे, ती म्हणाली, जुन्नरच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडली तर डॉक्टर ती तपासतात आणि संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवून सगळे लांब जाऊन बसतात. रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. डॉक्टरांचं मुख्य काम गर्दीला ओरडणं, की हात लावू नका.

आमची आई एकदम ताठ बसली. वीस वर्षांनी तिच्या वाक्याला विज्ञानाचा पाठिंबा मिळाला होता.

शेवटी भाचीने ती जागा सोडली, सरांना विचारून दुसरी शोधली. बाटली नाही, मिठ्या नाहीत, फोटोंची हमी नाही. पैसे तेवढेच. गेली, आणि दोन आठवड्यांनी काळवंडून परत आली.

सगळी चाळ ऐकायला जमली. चोरटे शिकारी शिंगासाठी गेंडा मारतात म्हणून तिथे शिंगच आधी कापून टाकतात. हेलिकॉप्टरमधून बेशुद्धीची सुई मारायची. ते औषध मॉर्फिनपेक्षा हजारपटींहून जहाल, माणसाला एखादा थेंबही महागात पडतो. म्हणून जी सुई बघायला ही गेली, तिच्यापासून हिला लांब उभी केली. गेंडा बसला की डोळ्यांवर पट्टी, कानांत कापडाचे बोळे, आणि साखळी करवत. हिचं काम वहीत श्वास मोजून लिहायचं. आणि हो, थर्मामीटर! कारण बेशुद्ध गेंडा भराभर तापतो, मग त्याच्यावर पाणी ओतावं लागतं. पंधरा-वीस मिनिटांत उतारा टोचायचा आणि गाडीकडे पळायचं.

"म्हणजे हात किती वेळ लागला?" मी हिशेब मांडायला घेतला.

"दोन आठवड्यांत? सगळा मिळून अर्धा तास."

"शिंग कापताना तेका दुखणा नाय?" आईची शंका.

"नाही आजी. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखासारखंच. पुन्हा वाढतं."

आईने डबी बंद केली आणि गंभीरपणे विचारलं, "रात्रीचा कापणत नाय मां?"

"नाही. पहाटे, ऊन चढायच्या आत."

"मगे बरा."

साडेतीन लाखांचा प्रकल्प चाळीत त्या क्षणी मंजूर झाला.

पुढच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गॅलरीसमोरच्या झाडात एक घार मांज्याला लटकली. बंदी असलेलाच तो नायलॉनचा मांजा. अख्खी चाळ खाली. एकाने चमच्यात पाणी आणलं, एकीने हळद, तिसऱ्याने मोबाइल. अग्निशमन दलाच्या जवानाने फांदी कापून घार उतरवली आणि भाची पुढे झाली. टॉवेल टाकून आधी डोकं झाकलं, पंख अंगाशी धरले, मांजा न ओढता दोन्ही बाजूंनी कापला. मग ओरडली, "हात लावू नका! पाणी पाजू नका!" आवाज थेट आजीचा. खोका चिवडा गल्लीतून आला, भोकं मी पाडली. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत टॅक्सीवाला विचारत होता की खोक्यात चिवडा कसला आहे.

घारीच्या पंखाला टाके पडले. मामीच्या बांगड्या अजून सुटल्या नाहीत.

तुमच्या घरी संक्रांतीला पुठ्ठ्याचा एक रिकामा खोका आणि जुना टॉवेल असू द्या. चिवड्याचा खोका चालतो, पण आधी झटकून घ्या.