सदऱ्याचा परवाना

अमेरिकेहून आलेला माणूस नायगारा सांगतो, न्यूयॉर्क सांगतो. मी शेरीफचं ऑफिस सांगणार आहे. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला धबधब्यात काय रस? त्याला काउंटर बघायचं असतं. २०२४ च्या ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलायनात पुतण्याकडे गेलो आणि तो योग आपोआप जुळून आला.

पुतण्याने घर बदललं होतं. जुनं आणि नवं घर यांत अंतर साडेचार मैल, पण मधून काउंटीची हद्द गेलेली. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, तालुका म्हणा. या एका राज्यात असल्या १०० आहेत. (यातल्या दोन्हींची नावं छापायची नाहीत असा पुतण्याचा दम आहे. झाकलेली गोष्ट झाकलेलीच बरी म्हणतो.) झाकलेली गोष्ट म्हणजे पिस्तूल. ओळखीतल्या एका घरी सोन्यासाठी चोरी झाली तेव्हा त्याने ते घेतलं, दिवसभराचा वर्ग केला, निशाणावर गोळ्या झाडून दाखवल्या, बोटांचे ठसे दिले, ८० डॉलर भरले आणि शेरीफकडून पाच वर्षांचा परवाना मिळवला.

परवाना पिस्तुलाचा, अशी माझी समजूत होती. "नाही हो काका," पुतण्या म्हणाला, "घरात ठेवायला तो लागत नाही. कमरेला उघडं लावून रस्त्यावर हिंडलं तरी लागत नाही. त्याच्यावर शर्ट आला की लागतो."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे चारचौघांना दिसेल असं लटकवा, सरकारची हरकत नाही. सदरा बाहेर काढला की गुन्हा. मग हा परवाना पिस्तुलाचा कसला? हा सदऱ्याचा परवाना! आणि त्यावरचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. आमचे चिरंजीव एकोणतिसाव्या दिवशी निघाले. मुदतीच्या आदल्या दिवसाशिवाय कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत सातासमुद्रापार टिकली आहे हे पाहून बरं वाटलं. पिस्तूल त्याने घरीच तिजोरीत ठेवलं. जिथे परवान्याचं काम होतं त्या इमारतीत कोर्टही होतं आणि कोर्टाच्या इमारतीत हत्यार चालत नाही.

शेरीफ हा शब्द मला नवा नव्हता. मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, एकेकाळी दिलीपकुमार होते, पुढे सुनील गावस्कर. मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत करायचं, शोकसभा बोलवायच्या. इथला शेरीफ दर चार वर्षांनी मतं मागून निवडून येतो आणि तुरुंगही चालवतो. गावस्करांना यातलं काहीच करावं लागलं नाही.

आधी गेलो नव्या काउंटीत, कारण आता राहणार तिथे. खिडकीतल्या बाईंनी परवाना उलटसुलट पाहिला आणि हसतमुखाने सांगितलं की ज्या शेरीफने परवाना दिला त्यालाच कळवायचं असतं, नूतनीकरणाच्या वेळी मात्र आमच्याकडे या. 'हे आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही' हे वाक्य मी हयातभर म्हटलं. ते इंग्रजीत, इतक्या गोड आवाजात ऐकताना मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पुतण्या मात्र चिडला.

मग जुन्या काउंटीकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच पाइन आणि घरांपुढच्या हिरवळीवर निवडणुकीच्या पाट्या. वाटेत राजापूरहून धाकट्या भावाचा फोन. महाराष्ट्रातही विधानसभेची आचारसंहिता लागली होती आणि त्याची शेतीसंरक्षणाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली होती. "भात कापायला आलंय," तो म्हणाला, "आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही!" मी खिडकीबाहेरच्या पाट्या बघत होतो. निवडणूक इथेही होती. बंदुका जमा करायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जुन्या काउंटीच्या दारात धातू ओळखणारी कमान. पुतण्या सुळकन पलीकडे गेला. मी गेलो आणि कमान बोंबलली. डेप्युटीने माझी चंची उलटी केली. चुन्याची डबी, चार पानं, सुपारी आणि आजोबांच्या वेळचा पितळी अडकित्ता, मोराच्या मानेचा. त्याने तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवला. पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हे काय?"

मी "सुपारी" म्हणायला तोंड उघडलं आणि पुतण्याने माझा दंड दाबला. "काका, इथे तो शब्द नको!" डेप्युटीला मराठी कुठून येणार? पण हिंदी सिनेमे बघून वाढलेल्या पोराचा काय भरवसा. शेवटी त्यानेच समजावलं की हे एका कठीण फळाचे तुकडे करायचं साधन आहे, जेवणानंतर. डेप्युटीने मान डोलावली, पण गाडीत ठेवून या म्हणाला.

गाडीपाशी उभं राहून मी पुतण्याच्या फोनवर त्या राज्याचा कायदा काढायला लावला. झाकून बाळगायची बंदी कशाकशाला? बोवी सुरा, खंजीर, कट्यार, आत शिसं भरलेली काठी, लोखंडी मूठ, वस्तरा, एवढंच काय, जपानी निंजांच्या फेकायच्या चकत्यासुद्धा नावानिशी. अडकित्ता नाही. शेवटी 'आणि त्या प्रकारची इतर घातक हत्यारं' असं आहे खरं. ते शेपूट कुठल्याही कारकुनाला ओळखू येईल; आमच्याकडे त्याला 'इत्यादी' म्हणतात आणि निम्मा महाराष्ट्र त्यावर चालतो. शिवाय पुतण्याचा परवाना फक्त पिस्तुलाचा. म्हणजे पिस्तूल झाकता येतं, अडकित्ता झाकला तर कुणाला विचारायचं?

काउंटरवर काम झालं चार मिनिटांत. ड्रायव्हिंग लायसन्सवर अजून जुनाच पत्ता होता, कारण गाडीला ६० दिवसांची मुदत आणि पिस्तुलाला ३०. बाईंनी वीजबिल पाहून पत्ता बदलला, नव्या कार्डाचे १५ डॉलर घेतले. मला राहवेना. "जुन्या काउंटीतून नाव कमी केल्याचा दाखला?" मी पुतण्याला विचारलं. रेशनकार्डाला तो लागतो, बंदुकीला नको? त्याने माझ्या पायावर पाय दिला.

"निदान पोच तरी घे."

बाईंनी कागद छापून दिला. कोरा! ना शिक्का, ना तारीख. मी खुणेने तळहातावर मूठ आपटून दाखवली. त्यांनी क्षणभर पाहिलं, मग खालचा खण उघडला, वह्या बाजूला केल्या आणि तळातून तारखेचा शिक्का काढला. शाई वाळली होती. त्यांनी त्यावर हा केला, जोर देऊन उमटवला. माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. अगदी आमच्यासारखा केला हा.

गाडीत बसल्यावर चंची उघडली, सुपारी कातरली आणि भावाला फोन लावला. तिकडे दहा वाजून गेले होते, तो झोपेत होता.

"बंदूक जमा केलीस, पोच घेतलीस का?"

"मग देतो म्हणाले."

मी पुतण्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.