भाऊसाहेबांची बारनिशी

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला येत नाही. आमच्या आला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, घरात वहिनीसुद्धा. तहसील कचेरीत त्यांच्या टेबलावरून कुठलाही कागद पहिल्या फेरीत पुढे सरकला नाही, आणि तालुक्यात ही गोष्ट कौतुकानं सांगितली जात नसे. निवृत्तीनंतर मुलानं लॅपटॉप आणून दिला, ईमेल उघडून दिला, आणि ज्या गुणाला तालुक्यानं तीन तपं शिव्या घातल्या त्या गुणाला अखेर तोलामोलाचा शत्रू मिळाला.

फसवणुकीच्या मेलचं सगळं भांडवल म्हणजे घाई. 'चोवीस तासांत खातं गोठवलं जाईल', 'आजची शेवटची संधी', 'ताबडतोब इथे क्लिक करा'. आता जो माणूस जिल्हाधिकाऱ्यांच्या 'अतितात्काळ' शेऱ्यानं कधी हलला नाही, तो असल्या चोवीस तासांना काय भीक घालणार? उलट लाल शिक्क्याचा कागद आधी गठ्ठ्याच्या तळाशी घालायचा, ही त्यांची जुनी शिस्त. घाईचा कागद मुरू द्यावा. निम्म्या वेळा त्याचं काम आपोआप मिटतं. फिशिंगच्या बाबतीत तर दहापैकी दहा वेळा मिटतं.

जेवणाच्या टेबलावर त्यांची फुलस्केप वही असते. तीच बारनिशी. आवक क्रमांक, दिनांक, पाठवणाऱ्याचं नाव, विषय, शेरा. तुम्हीआम्ही न बघता उडवतो ती प्रत्येक स्पॅम मेल तिथं रीतसर चढते. विनातारण कर्ज देणारे, टकलावर केस उगवून देणारे, घरबसल्या रोज पाच हजार मिळवून देणारे. सगळ्यांना शेरा एकच, 'दप्तरी दाखल'. मग डिलीट. मी एकदा म्हटलं, "भाऊसाहेब, उडवायचीच आहे तर नोंद कशाला?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तालुक्याच्या गावाहून मोजणीसाठी आलोय आणि चलन भरायचं विसरलोय.

पण त्यांची छाननी बघण्यासारखी. मजकूर ते शेवटी वाचतात. आधी पाठवणाऱ्याचा पत्ता. "नाव काय, कुणीही लावील. पत्ता उलगडून बघा." वर ठसठशीत 'भारतीय रिझर्व्ह बँक' आणि खाली पत्ता जीमेलचा. "नोटा छापणारी बँक, आणि स्वतःचं लेटरहेड नाही?" इतकं बोलून प्रकरण बंद. बँकांनी ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जावं, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, तेव्हा त्या बातमीचं कात्रण त्यांनी शासन निर्णयासारखं पंच करून फाइलला लावलं. मग दुवा. त्यावर बाण नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. निळ्या अक्षरांत बँकेचं नाव आणि कोपऱ्यात भलतंच काही दिसलं, की भाऊसाहेब खुशीत येतात. "सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची!"

नायजेरियाच्या कुठल्याशा दिवंगत जनरलची कोट्यवधींची ठेव वारसाअभावी पडून आहे, अशी मेल त्यांच्याकडे आली तो दिवस त्यांच्या निवृत्त आयुष्यातला सोन्याचा. वारस प्रकरण! उत्तर देऊ नये हे त्यांना कळतं, दिलंही नाही. पण त्रुटींची यादी केल्याशिवाय राहवेना. मयताचा मृत्यू दाखला जोडलेला नाही. सर्व वारसांचे जबाब नाहीत. हरकतीसाठी नोटीस डकवल्याचा पंचनामा नाही. असल्या फसवणुकीला जगभर '४१९' म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं ते कलम, हे मी सांगितल्यावर त्यांना त्या देशाबद्दल आदरच वाटला. "आपलं ४२०, त्यांचं ४१९. शेजारीच म्हणायचे." मग आवाज खाली आणून, "आपलं आता नव्या संहितेत ३१८ झालं. मजा गेली."

'आय लव्ह यू' व्हायरसची गोष्टही मीच त्यांना सांगितली. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेली ती मेल. सोबत 'लव्ह लेटर' नावाची फाइल, दिसायला साधी मजकुराची. तिच्या नावाचं शेवटचं खरं शेपूट विंडोज लपवून ठेवायचं. उघडली, की ती तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला तुमच्याच नावानं तेच प्रेम कळवणार, शिवाय तुमच्या फायली पुसून टाकणार. मोठमोठ्या कंपन्यांनी, सरकारी कचेऱ्यांनी मेलयंत्रणा बंद ठेवल्या. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "प्रेम आहे म्हणायला सहपत्र कशाला? लोकांना तिथंच कळायला हवं होतं." आणि पुढे, ज्यानं हे केलं तो पोरगा सापडला, पण त्या वेळी त्या देशात असा कायदाच नसल्यानं सुटला, यावर मला वाटलं ते हळहळतील. छे. "बरोबर केलं. नियम नाही तर कार्यवाही कशी करणार?"

वीज कंपनीच्या नावानं 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा' हा मेसेज आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या. भाऊसाहेबांनी त्यांना बसवलं, वहिनींना चहा टाकायला सांगितलं आणि विजेच्या कायद्याचं कलम ५६ ऐकवलं. पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. खरं तर कलमाची गरजच नव्हती. "रात्री साडेनऊला अधिकारी जागेवर?" ते म्हणाले, आणि काकूंनाही ते पटलं.

त्यांचा सर्वांत गाजलेला विजय मात्र डिजिटल अरेस्टचा. व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दी, मागे झेंडा, 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही'. लोक अशा वेळी घाबरून दिवसदिवस खोलीत बसलेत आणि आयुष्याची पुंजी घालवून उठलेत. असल्या अटकेची कुठल्याही कायद्यात तरतूद नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावं लागलं. भाऊसाहेबांनी वही पुढे ओढली.

"हुकूम क्रमांक सांगा."

त्यानं एक आकडा फेकला.

"हा आवक की जावक?"

शांतता. मग पलीकडून आरडाओरड, राष्ट्रीय सुरक्षा वगैरे.

"पंच कोण आहेत? आणि हिंदीत बोलताय ते ठीक, पण पत्रव्यवहार मराठीतून लागेल. दोन प्रतींत."

तोतयानं 'वरिष्ठांना' जोडून दिलं. वरिष्ठ आले म्हणजे प्रकरण योग्य मार्गानं पुढे सरकतंय असं समजून भाऊसाहेब आणखी खुलले आणि पहिल्यापासून सुरू झाले. पाऊण तासानं पलीकडच्यांनी फोन ठेवला. वहीत शेरा पडला: 'संबंधितांस समज दिली.'

याचा घरच्यांना त्रास होतो तो वेगळाच. सख्ख्या पुतण्यानं लग्नाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर पाठवली. पत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल धाडून फोन ताब्यात घेतात हे भाऊसाहेबांच्या वाचनात आलेलं. ही साधी पीडीएफ होती, पण छाननी पूर्ण होईपर्यंत लग्नाला महिना उलटून गेला होता. आहेर रजिस्टर टपालानं गेला. बँकेच्या खऱ्या केवायसीच्या पत्रातही त्यांनी पाच त्रुटी काढल्या. खातं खरंच गोठलं आणि दोन महिन्यांचं पेन्शन अडकलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्याचं पेन्शन यापेक्षा जास्त काळ अडकलेलं त्यांनी पाहिलंय.

पण एकदा पंचाईत झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं 'पार्सलचा पत्ता अपुरा आहे' या मेसेजमधल्या दुव्यावर जाऊन पाच रुपये भरले, आणि पाठोपाठ खात्यातून चाळीस हजार गेले. रडत आली. भाऊसाहेबांनी धीर दिला, कोरा कागद घेतला आणि समास आखला. 'प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय:' इथपर्यंत झकास. मग 'फसवणूक झालेबाबत' की 'फसवणूक झाल्याबाबत' यावर ते अडले. पैसे जाण्याआधी संथपणा तारतो. पैसे गेल्यावर मात्र ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात आणि 'झालेबाबत'साठी थांबत नाहीत. वहिनींनी पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं १९३० फिरवला, मुलीच्या हातात फोन दिला आणि बँकेतल्या व्यवहाराचा क्रमांक वाचायला लावला. एकतीस हजार वाटेतच अडवले गेले. भाऊसाहेबांचा मसुदा दुसऱ्या दिवशी तयार झाला. उत्तम होता. संदर्भ म्हणून त्यात वहिनींचा दूरध्वनी घातला होता, 'दि. कालचा'.

हल्ली त्यांना नवीच काळजी आहे. फसव्या मेली शुद्ध मराठीत येऊ लागल्यात. परवा मालमत्ता कराची एक आली: जावक क्रमांक, संदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये', खाली 'प्रत माहितीस्तव'. एआय हल्ली असं काहीही लिहून देतं, असं मी म्हटलं. त्यांना पटेना. "यंत्राला 'माहितीस्तव' सुचत नाही. आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय." दुवा त्यांनी अर्थातच उघडला नाही, पण वहीत 'दप्तरी दाखल'च्या पुढे, कंसात, 'मसुदा चांगला' असं लिहिलेलं मी पाहिलं.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्याकडून खरी मेल आली. ज्येष्ठ नागरिकांसाठी सायबर जागृतीचा कार्यक्रम, भाऊसाहेबांनी चार शब्द बोलावेत. जावक क्रमांक नव्हता, तारीख नव्हती, सही कुणाची ते कळत नव्हतं. त्रुटी दाखवून परत पाठवली गेली. शेवटी एक तरुण उपनिरीक्षक छापील पत्र घेऊन स्वतः आले. भाऊसाहेबांनी दाराची साखळी न काढता आधी ओळखपत्र मागितलं, मग फटीतून पत्र आत घेतलं आणि दोन मिनिटांत बाहेर दिलं. मी भाजी घेऊन वर येत होतो, तेव्हा साहेब खाली वॉचमनच्या टेबलावर वाकून दिनांक घालत होते. मला बघून त्यांनी विचारलं, "काका, इथं कुणाकडे पंच मिळेल का हो?"

"कागदाला भोकं पाडायचं, की साक्षीला?" मी विचारलं.

"दोन्ही मागितलेत," साहेब म्हणाले.